तांबेकाकांची चकती

“लागली पैज! अर्धी मिशी!”

तांबेकाकांनी माझ्या हातावर अशी टाळी हाणली की जिन्याखाली झोपलेलं कुत्रं उठून गेलं.

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या बी विंगच्या मीटरांसमोर आम्ही उभे होतो. काकांचं म्हणणं, त्यांच्या मीटरवरून कोणीतरी वीज चोरतंय. माझं म्हणणं, आपल्या बिल्डिंगमध्ये एवढं डोकं कोणाला आहे? रविवारच्या मीटिंगपर्यंत चोर सापडला तर माझी अर्धी मिशी जाणार, नाही सापडला तर त्यांची. गेटवर, सगळ्यांसमोर.

मी लगेच तयार. दोन हजार नऊचा मे महिना, बाकी करमणूक काय होती?

हरिश्चंद्र तांबे मूळचे राजापूरचे. पस्तीस वर्षं मीटर रीडर. जिना चढायचा, काचेत बघायचं, आकडा लिहायचा, उतरायचं. त्यातच आयुष्य गेलं. आकडा मात्र एकही चुकला नाही, असं ते लग्नातसुद्धा सांगायचे.

“हे बघ.” काचेमागची चकती सरसर फिरत होती. तिच्यावरची काळी खूण जायची आणि लगेच परत यायची. “पंखे बंद, फ्रिज बंद. नुसता सूनबाईचा कॉम्प्युटर चालू, तोपण रिकामा बसलाय. जे काम करत नाही ते खाईल कसं?”

त्यांची सून मिनल केबिन रोडच्या एका प्रेससाठी लग्नपत्रिका बनवायची. दुपारी नमुने घेऊन प्रेसला जाताना कॉम्प्युटर तसाच चालू ठेवायची. काका त्याला हात लावत नसत. एकदा त्यांनी बटण दाबलं आणि कोणाचं तरी अख्खं लग्न उडालं होतं.

“सहाला ती येते, मशीन बंद करते आणि चकती मंदावते. म्हणजे माणसं घरी आली की चोर वायर काढतो.”

“सहाला तर धाकूपण पंपाकडे जातो,” मी डोळा मारला. “जमतंय की काका!”

धाकू आमचा वॉचमन. त्याच्या केबिनचं प्लायवूड मीटरच्या भिंतीलाच टेकलेलं.

मी खो खो हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी प्लायवूडवर बोटाने टकटक केलं आणि कान लावला.

दुसऱ्या दिवशी काकांनी खुर्ची आणून मीटरसमोर टाकली. मांडीवर वही. जेवायला जात, परत येत. धाकू पाणी प्यायला उठला की वहीत काहीतरी लिहीत. येणारे-जाणारे आधी काकांकडे बघायचे, मग धाकूकडे. तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी धाकूकडे ठेवलेली चावी परत घेतली.

धाकू जवळच्याच मुर्धा गावचा. मिठागर बंद पडलं तेव्हा इथे लागला, सात वर्षं झाली. त्याने मला गेटजवळ गाठलं.

“दादा, ते काका मनाच बगतान. मी काय केलाय?”

“अरे, म्हातारा येडा झालाय,” मी म्हणालो. माझं हसू मात्र अर्ध्यावरच अडकलं.

मी काकांकडे गेलो. “काका, मी मस्करी केली होती. धाकूचं नाव असंच घेतलं.”

“आता मागे फिरतोयस होय? हरायला लागलास म्हणून?” त्यांनी वही मिटली. “मिशी वाचवतोय लेकाचा.”

आता बोला! पैजेमुळे माझं खरं बोलणंही फुकट. सेक्रेटरी अल्पेशभाईंना सांगितलं, तर ते म्हणाले, “बबनभाई, तुम तो रोज मजाक करते हो. संडे को उसका हिसाब कर देंगे. नया आदमी देख लिया है.”

शनिवारी दुपारी काका खाली पहाऱ्यावर होते. मी वर त्यांच्या घरी गेलो. मिनलला सुट्टी होती. टेबलावर कॉम्प्युटरचे दोन पडदे, एक जुना जाडा, एक नवा चपटा. दोन्हींवर नुसता निळा रंग. आणि कॉम्प्युटरच्या डब्यामागे त्यांची मांजर पसरून झोपलेली.

“हिला एवढ्या गरमीत तिथे काय मिळतं गं?”

मी हात घातला आणि झटकन मागे घेतला. आतून गरम वारा येत होता.

“पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड तापतं, बबनकाका,” मिनल म्हणाली. “दुसरा पडदा लावल्यापासून. दोन पडद्यांवर चित्र बदलण्याचा वेग वेगळा, त्यामुळे कार्ड झोपतच नाही म्हणतात प्रेसवाले. काम नसलं तरी फुल स्पीड.”

“हे सासऱ्यांना का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं, खरंच कोणी चोर आहे. कार्ड एवढी वीज खात असेल हे डोक्यातच आलं नाही.”

रविवारी मीटिंगच्या आधीच अल्पेशभाईंनी धाकूकडून पंपाची किल्ली आणि शिट्टी काढून घेतली होती. धाकू गेटवरच्या आपल्या स्टुलाशेजारी उभा, हातात कपड्यांची पिशवी.

“पाच मिनिटं,” मी म्हणालो. “काका, तुम्ही फक्त चकती बघा.”

जाड्या पडद्याची वीज मी माझ्या घरातून दिली होती, गॅलरीतून एक्स्टेंशन टाकून. म्हणजे तो पडदा काकांच्या मीटरवर नव्हताच. तरी चकती सरसर.

“मिनल, काढ!” मी जिन्यातून ओरडलो.

तिने त्या पडद्याची कार्डाला लावलेली वायर उपसली. तेवढीच.

चकती थकल्यासारखी झाली. काळी खूण गेली ती येईचना.

“लाव!”

परत सरसर.

काकांनी स्वतः तीनदा करायला लावलं. धाकू सगळा वेळ त्यांच्या डोळ्यांसमोर, गेटवर. तिसऱ्या वेळी काकांनी वही खिशात घातली आणि वर जाऊन वस्तरा घेऊन आले.

“आण इकडे, मी करतो,” कोणीतरी चेकाळून म्हणालं. काकांनी ऐकलं नाही. आरसा आणलेला नव्हता. ते आपल्या मीटरसमोर उभे राहिले, काचेत बघितलं, पाणी लावलं आणि डावी बाजू उतरवायला लागले. केस शर्टवर पडत होते. गेटवर वीस-पंचवीस माणसं माना उंचावून बघत होती.

अल्पेशभाईंनी धाकूपुढे शिट्टी धरली. “ले भाई, गलतफहमी हो गयी.”

धाकूने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, शिट्टी नाही. जाता जाता तो माझ्यासमोर थांबला.

“हसा ना दादा,” तो म्हणाला. “तुमी जिकलाव.”

आणि गेटबाहेर पडून मुर्ध्याच्या बाजूला चालू लागला. काका वळले नाहीत. काचेत त्यांचा अर्धा ओठ उघडा पडला होता आणि त्याच्या मागून ती काळी खूण सारखी जात होती, येत होती.