मोहनाल्यातले रोडगे

"तिथं गोवर्धनच्या वावरात गौऱ्यांचा ढीग पडला हाय, अन् मी इथून पाठीवर वाहून राहिलो," पुंजाजी दुर्गाबाईंच्या कानाशी कुरकुरले. "उभा जन्म एस.टी. चालवली, हमाली कधी नाही केली."

"हळू बोला, पोरगी मांगंच हाय. गौऱ्या तिथं असतात हे तुमाले कसं ठाऊक, असं तिनं इचारलं तर?"

 पुंजाजींनी पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

पाऊसपाणी सरल्यापासून दोघं दर रविवारी अमरावतीहून पहाटेच्या गाडीनं निघत. चिखलदऱ्याच्या घाटातल्या एका वळणावर उतरत, मोहनाला नावाच्या ओढ्याच्या काठानं खाली येत, पायथ्याशी ओळखीच्या गोवर्धनच्या वावरात रोडगे भाजून खात आणि दिवेलागणीच्या आत घरी. कॉलनीला वाटे, दुर्गाबाई रविवारी विहारात जातात. मागच्या आठवड्यात अकोल्याहून रश्मीचा फोन आला, "आई, मी अन् अनुप येतो, कुठं तरी फिराले जाऊ." दुर्गाबाईंच्या तोंडून मोहनाल्याचं नाव निघून गेलं. मग सावरायला म्हणाल्या, "पुंजाजीकाकांले सोबत घेऊ. त्यायनंबी पाह्यला नाही म्हणे नाला." एका खोट्यापायी आता गौऱ्यांचं पोतं दरी उतरत होतं.

खरं सांगायचं तर दुर्गाबाईंनी आजचाच दिवस धरला होता. रोडगे खाऊन झाले की लेकीला सांगायचं. तिचे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेजारचे पुंजाजीही एकटेच होते. पण रश्मीचा चेहरा उतरला, तर विषय तिथल्या तिथं मिटवायचा. साऱ्या जिल्ह्याच्या बाळंतिणींना धीर देणारी ही परिचारिका पोटच्या पोरीपुढं मात्र दिवाळीपासून गप्प होती. रश्मीही विचारत नव्हती. फोन ठेवताना "काका बरे हायेत ना?" एवढंच म्हणे, आणि दुर्गाबाई म्हणत, "कोणते काका?"

नाला ऐन थंडीत असतो तसा होता. मधोमध पाण्याची बारकी धार, दोन्ही बाजूंना काळा उभा कडा, आणि सागाची वाळकी पानं अशी की पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज. ऊन वरच अडकलेलं. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. अनुप नवे बूट घालून पुढं निघाला होता.

"जावईबापू, त्याच्यावर पाय नका ठेवू, तो दगड हालते," दुर्गाबाई ओरडल्या.

अनुप थांबला. दगड चांगला म्हशीएवढा, कुणालाही भक्कमच वाटला असता. त्यानं काठीनं ढोसला. दगड डुलला.

"आई, तुले कसं समजलं?" रश्मी म्हणाली.

"दिसतेच ना."

"मले नाही दिसलं."

"चष्मा लाव मंग."

पुढं कडा इतका सरळ होता की उभ्यानं उतरायची सोयच नव्हती. पुंजाजी कुणाला न विचारता आवळ्याच्या झाडाकडं वळले, मुळीला धरून बसले आणि घसरगुंडीसारखे सर्रकन खाली गेले. "या, मोकळा हाय रस्ता, पुढं वळण हाय तेवढं," खालून आवाज आला. त्यांच्यामागं दुर्गाबाई, साडीचा काचा मारून. रश्मी किंचाळतच आली आणि खाली येऊन म्हणाली, "पुन्हा एकदा करू का?" अनुपनं मात्र धरली ती मुळी चुकीची. तो थेट पाण्यात बसला, बुटांसकट. थंड पाण्यानं त्याच्या तोंडून असा शब्द निघाला की सासूनं न ऐकल्यासारखं केलं.

"जावयाची आंघोळ झाली," पुंजाजी म्हणाले. "आता रोडगे गोड लागतात."

दरीचं तोंड उघडलं आणि एकदम ऊनच ऊन. समोर हरभऱ्याचं हिरवंगार वावर. जंगल मागं राहिलं, आता विस्तव पेटवायला हरकत नव्हती. दुर्गाबाई चालत्या पायांनी सरळ बांधावरच्या आंब्याखाली गेल्या, आणि तिथं मांडलेली चूल पाहून, आपण काय केलं ते कळून, उगाच इकडंतिकडं जागा शोधू लागल्या. पुंजाजींनी गौऱ्या रचल्या. रश्मीनं कणकेचे गोळे वळले. निखारे फुलले तसे रोडगे राखेत गेले, आणि भाजल्या कणकेचा वास सुटला तेव्हा गोवर्धनची बायको पंचफुला ओच्यात वांगी घेऊन आली.

"आल्या का वहिनी? पावणे आणले वाटते आज. अन् पुंजाजीभाऊ, गौऱ्या काहून वाहून आणल्या? आमच्या इथं का दुष्काळ पडला? मांगच्या रविवारी तुमचा रुमाल राह्यला होता, धुऊन ठेवला म्या."

अनुपनं हरभऱ्याचे घाटे सोलायला घेतले. पुंजाजी उलटा केलेला रोडगा पुन्हा सुलटा करू लागले.

"मावशी," रश्मीनं हळूच विचारलं, "हे दोघं कवापासून येऊन राहिले?"

"दिवाळीच्या आंधीपासून ना वं. एक रविवार खाडा नाही."

रश्मी आईकडं वळली. तिचे ओठ थरथरत होते.  गेलं सगळं, दुर्गाबाईंना वाटलं.

आणि रश्मी फुटली. पोट धरून बांधावर बसली, हसता हसता आडवी झाली. "त्यायनंबी पाह्यला नाही म्हणे," एवढंच तिला कसंबसं बोलता आलं. तिला पाहून अनुपला हसू आवरेना. काही न समजता पंचफुलाही हसू लागली. रश्मीनं डोळे पुसले आणि उठून आईजवळ, अगदी खेटून बसली.

"बोल ना आता, आई."

दुर्गाबाईंनी हातावरची राख झटकली.

"मले पुंजाजीसंगं लग्न करायचं हाय," त्या म्हणाल्या.