माझ्या छताची ओटी

मित्रांनो, मी एक जुनी सर्व्हिस मोटार आहे. भोर ते किकवीच्या रस्त्यावर कुणालाही 'मानसिंगची मोटार' म्हणा, तो लगेच हात करून सांगेल, "ती काय, खोकत येतीय." खोकते हे खरं आहे. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून माझ्या पाठीवर कोळशाची भट्टी बांधली आहे. तिचा धूर पोटात घेऊन धावायचं म्हणजे कुणीही खोकेल! पण वाटेत बसकण मारून उतारूंना चालायला लावलंय, असं माझ्या हातून फारसं घडलेलं नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. आगबोटीनं मुंबईला आले आणि तिथून भोरच्या शरच्चंद्र वकिलांच्या दारात येऊन उभी राहिले. तेव्हाचा माझा थाट काय सांगू! बाहेरून काळीकुळकुळीत, आणि आत छताला बदामी रंगाचं मऊ लोकरी कापड, कडेनं झालर. वकिलांची धाकटी सुलू मागच्या गादीवर उताणी पडायची आणि त्या छताकडे बघत बघत झोपी जायची. मोटारीचं बाहेरचं रूप सगळेच बघतात. मान वर करून आतलं बघणारी ती एकटीच होती, म्हणून ती माझी फार लाडकी.

पुढे सुलू सासरी गेली, वकिलांनी नवी गाडी घेतली आणि मी उतारू वाहणाऱ्या मानसिंगकडे आले. मानसिंग मनाचा मोठा, पण माझ्या पोटाचा अंदाज त्याला कधीच आला नाही. "दाबून बसा मायबाप, दाबून!" म्हणत तो माणसं भरायचा. कुणाची छत्री, कुणाचा विळा, कुणाची काठी. सगळ्यांची टोकं जायची ती माझ्या छतात. टाके उसवले, कापड सुटलं आणि मधोमध खाली लोंबायला लागलं. उतारू हसायचे, "मानसिंग, मोटारीत पाळणा कधी बांधला रं?" वकिलाच्या घरची मी, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अशात एक दिवस पासलीच्या फुलाबाई आल्या. म्हातारी एकटी विधवा बाई. डोंगर उतरून, चालून चालून भोरला आलेली. लेक ठकूबाई किकवीला दिलेली, तिच्याकडे निघाली होती. मोटारीत बसायची पहिलीच वेळ. मांडीवर अंड्यांचं गाठोडं होतं आणि दाटीत ते फुटेल म्हणून जीव खालीवर होत होता. तेवढ्यात त्यांचं लक्ष वर गेलं. घरी मांजरापासून दूधदुभतं राखायला आढ्याला शिंकं टांगतात ना, तसंच त्यांना वाटलं. "बया! मोटारीत शिंकंबी हाय!" असं म्हणून त्यांनी कापडाच्या फाटक्या फटीतून गाठोडं अलगद वर ठेवून दिलं आणि निवांत बसल्या.

पुढच्या वळणावर म्हैस आडवी आली. मानसिंगनं करकचून ब्रेक दाबला. शिंकं तुटलं आणि सगळी अंडी खाली बसलेल्या उपेंद्ररावांच्या टोपीवर! उपेंद्रराव म्हणजे कोण, तर भोरच्या कचेरीत मोटारींचे परवाने बघणारे. चातुर्मासात कांदासुद्धा न शिवणारा माणूस तो. टोपीवरून नाकावर, नाकावरून उपरण्यावर पिवळा ओघळ आला तेव्हा ते गरजले:

"मानसिंग! रथसप्तमीला मी स्वतः गाडी तपासणार. तोवर छत घट्ट आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. नाहीतर परवाना बंद!"

"सायेब, म्या शिंकं समजले वो," फुलाबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "त्या गरिबाच्या पोटावर नका मारू."

पण उपेंद्रराव ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. नाकावर अंडं असताना कोण ऐकेल?

ही बातमी किकवीच्या रखमाजी दुकानदाराला कळली मात्र, तो दुसऱ्याच दिवशी हजर. माझ्या बॉनेटवर थापटी मारून म्हणतो कसा, "इंजिन ग्वाड हाय. परवाना गेला की मला दे. पिठाची गिरणी झक्कास चालंल. अन् टपाखाली कोंबड्या ठिवतो." मित्रांनो, माझ्या नळ्यांतलं पाणी गार झालं! जन्मभर एका जागी उभं राहून ज्वारी दळायची? किकवीचा रस्ता नाही, उतारू नाहीत, काही नाही?

मानसिंग कामाला लागला. त्यानं तांदळाच्या पिठाची पातेलंभर खळ शिजवली आणि लोंबणारं कापड टपाला चिकटवायला घेतलं. त्याची बायको साळूबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "अवो, पतंग चिकटवताय का मोटार?"

"तुला मोटारीतलं काय कळतंय?" मानसिंग म्हणाला.

दुपारी ऊन तापलं, खळ वाळली आणि अख्खं छत मानसिंगच्या डोक्यावर आलं. आत तो, वर कापड, त्यावर पिठाचे पोपडे. मागोमाग मुंग्यांची रांग. साळूबाईला हसता हसता ठसका लागला. मग तिनं ते कापड उचलून उलटं केलं आणि तिचं हसू थांबलं. कापडाच्या पाठीला आडव्या पट्ट्या शिवलेल्या होत्या. वर टपाखाली लाकडी कमानी होत्या.

"हे बघा, ह्या पट्ट्या त्या कमानींना टांगायच्या," ती म्हणाली. "हे चिकटवायचं काम न्हाईच. शिवायचं हाय."

ज्ञानू शिंप्याला बोलावणं गेलं. त्यानं कापड उलटसुलट केलं. "शिवतो वहिनी. ह्याच जुन्याचं माप घेतो. पण नवं कापड आणायचं कुठनं? बाजारात चिंधी मिळंना झालीय."

ते खरंच होतं. लढाईचे दिवस, कापड सोन्याच्या मोलाचं. रखमाजी रोज येता-जाता माझ्याकडे बघून मिशीवरून हात फिरवायचा. मी मनात म्हणायचे, मेल्या, अजून मी जिवंत आहे!

संक्रांत झाली. साळूबाईनं हळदीकुंकू केलं, गल्लीतल्या बायका जमल्या. तिळगूळ वाटून झाल्यावर ती म्हणाली, "बायांनो, औंदा माझ्याकडं लुटायला वाण न्हाई. उलट तुमच्याकडंच मागणं हाय. ही मोटार आपल्याला माहेरी नेते, सासरी आणून सोडते. आपल्या सगळ्यांच्या ओट्या भरल्या, हिची कधी कुनी भरली का?"

त्यावर सगुणाबाई खुदकन हसली आणि म्हणाली, "थांब गं, आलेच." घरोघरच्या पेट्या उघडल्या. ओटीत आलेले, चोळी शिवायची राहून गेलेले खण बाहेर आले. सगुणाबाईचा लाल, चंद्राबाईचा हिरवा, आणि कुणाच्या तरी हातून एक जांभळा, जरीकाठी. माझ्या बॉनेटवर हळदीकुंकू लागलं, पुढच्या गादीवर तांदूळ, नारळ आणि खणांची चळत. मित्रांनो, वकिलाघरीसुद्धा माझं एवढं कौतुक झालं नव्हतं.

ज्ञानूनं खणाला खण जोडला, पाठीला पट्ट्या शिवल्या. मग मानसिंग आत उताणा पडून एकेक कमान भरत, कडेला बारीक खिळे मारत ताणत गेला. रथसप्तमीची सकाळ उजाडली आणि घोटाळा लक्षात आला. अगदी मधोमध एक खण कमी पडत होता! तेवढ्या भोकातून लाकूड दिसत होतं. गल्लीतल्या पेट्या तर रिकाम्या झालेल्या.

"आता कपाळ!" म्हणून मानसिंग पायरीवर बसला.

तेवढ्यात साळूबाईला दिसलं, की रस्त्यापलीकडे फुलाबाई कधीच्या उभ्या आहेत. पुढे येत नव्हत्या.

"मावशी, तिकडं का उभ्या?"

"ओटीचं काम, अन् म्या ही अशी." त्यांनी पांढऱ्या कपाळाला हात लावला. "पन अंडी माझीच व्हती गं. तुमी खण गोळा करताय आसं बाजारात कळलं, म्हनून आले." पदराखालून त्यांनी एक जुना निळा खण काढला. "माझ्या आईनं शेवटची ओटी भरली तवाचा हाय. आता माहेरी कुनी न्हाई. चालंल का?"

साळूबाईनं धावत जाऊन त्यांचा हात धरला. "मावशी, मोटार कधी कुनाचं कपाळ बघून बसू देती का? चला, तुमच्या हातानं ठेवा."

फुलाबाईंनी दोन्ही हातांनी तो खण माझ्या गादीवर ठेवला. मला वाटलं, जोरात ओरडून सांगावं. नेमकं बघायला आत वाकलेल्या मानसिंगचं कोपर भोंग्यावर पडलं आणि मी ओरडले. सगळे दचकले, मग हसले. ज्ञानू घाईघाईनं दोरा ओवू लागला.

दुपारी उपेंद्रराव आले. आत बसले, छत्रीचं टोक वर नेलं आणि टोचून बघितलं. इथं टोचलं, तिथं टोचलं. छत मृदंगासारखं ताठ. छत्री सरकत सरकत जांभळ्या खणापाशी आली आणि थांबली.

"हा... हा तर आमच्या घरातला!"

"हो, मीच दिलाय," दारातून आवाज आला. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई उभ्या होत्या. "आणि पुरे की आता टोचणं. टाके उसवतील."

उपेंद्ररावांनी लगेच छत्री खाली घेतली. "घट्ट आहे. स्वच्छ आहे. परवाना चालू." उतरता उतरता ते फुलाबाईंकडे वळले. "आजी, आजही अंडी आहेत?"

"हायेत की, सायेब."

"मांडीवर धरा बरं का."

"धरते वो. वर शिंकं ऱ्हायलंय कुठं आता?"

रखमाजीनं दुसरं इंजिन शोधलं. मी अजून धावते, खोकते, आणि रोज आतून झाडून घेते. मित्रांनो, एखादी वस्तू विटली, फाटली, की तिला भंगार म्हणायच्या आधी सुईदोऱ्याला एकदा विचारून बघा. आणि गाडीत बसलात तर छत्रीची टोकं सांभाळा आणि मान वर करून बघा.

फुलाबाई आल्या की मधली जागा त्यांची. कितीही दाटी असो, कुणी न सांगता सरकतं. त्या बसतात, वर आईच्या निळ्या खणाकडे बघतात. परवा शेजारच्या नव्या सुनेनं विचारलं, "आजी, कुठनं कुठं निघालात?"

फुलाबाई हसून म्हणाल्या, "माहेरावरनं लेकीकडं."