गोडाचा अतिरिक्त कार्यभार

पाण्याचे मीटर तपासून देणाऱ्या त्या कार्यालयात एकच नियम मनापासून पाळला जाई. काम कुणी केलं नाही तरी चालेल, पण ते कुणाकडे तरी असलं पाहिजे. माणूस रजेवर गेला, आजारी पडला, की त्याचं टेबल दुसऱ्याच्या गळ्यात पडे. याला अतिरिक्त कार्यभार म्हणत. त्यामुळे डॉक्टरांनी साहेबांची साखर बंद केली तेव्हा साहेबांना ती सोडण्याचं दुःख झालं नाही. द्यायची कुणाकडे, एवढाच प्रश्न पडला.

त्यांनी आवक-जावक कारकुनाला केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्हाला काही पथ्य?"

"नाही, साहेब."

"मग आजपासून माझ्या चहातली साखर, चार वाजताची बिस्किटं आणि वाढदिवसांचे केक तुमच्याकडे. तात्पुरतं आहे."

कारकून 'बरं' म्हणाला. केबिनमधला तात्पुरता पंखा तो नोकरीला लागायच्या आधीपासून फिरत होता, हे त्याला ठाऊक होतं.

साहेबांनी सोडलं म्हणून हिशेबनीस बाईंनी सोडलं. बाईंनी सोडलं म्हणून मीटर तपासनीस मागे कसा राहील? बघता बघता सगळ्या मजल्याला लो-कार्बचं वारं लागलं. डब्यांतून पाव गेला, बटाटा गेला, काकडी आणि उकडलेली अंडी आली. जेवणाच्या सुट्टीनंतर खिडक्या सताड उघड्या ठेवाव्या लागत. सोडणारा प्रत्येक जण आधी कारकुनाच्या टेबलाशी येई, रीतसर कार्यभार सोपवी आणि हलक्या पावलांनी परत जाई.

वाढदिवसाला केक कापला की बंद पडलेल्या मीटरांच्या मांडणीपुढे कारकुनाला खुर्ची मिळे आणि सगळे त्याच्याभोवती उभे राहत. तो एकेकाचा वाटा खाई. ते बघत.

"हा कुणाचा?" तपासनीस विचारी.

"बाईंचा."

"मग जरा सावकाश चावा की," बाई म्हणत. "मी कधी असं बकाबका खाल्लंय का?"

"माझ्यातलं क्रीम शेवटी ठेव हं. मी क्रीम शेवटी खायचो," तपासनीस सांगे.

कारकून ठेवी. प्रत्येकाची खायची तऱ्हा त्याने आत्मसात केली होती. बाईंचा घास तो करंगळी वर करून घेई आणि साहेबांचा घेताना फोनवर बोलत असल्यासारखी मान हलवी. खाऊन झालं की सगळे समाधानाने सुस्कारा टाकत. एकदा तर तपासनिसाने ढेकर दिली.

याआधी त्या कार्यालयात त्याला 'अहो, ते'च्या पुढे कुणी काही म्हटलं नव्हतं. एकदा तो आत असताना बाहेरून कुलूप लावून मंडळी घरी गेली होती, आणि सकाळी दार उघडल्यावर 'आज लवकर आलात?' एवढंच बाईंनी विचारलं होतं. आता सगळे त्याला लाडाने 'मुंगळा' म्हणू लागले. 'मुंगळा आला का रे?' ही हाक जिन्यावर ऐकू आली की त्याची छाती फुगे. पोटही फुगत होतं, पण ते कामाचा भाग होतं.

मग बूट लागून अंगठ्याला झालेली जखम काही केल्या भरेना. बायकोने त्याला जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

"खाता काय तुम्ही?"

"माझं म्हणाल तर बेताचंच आहे. बाकीचं कार्यालयीन."

"तुमच्या रक्ताला तो फरक कळत नाही. साखर बंद. पाव बंद, बटाटा बंद. नाहीतर हा अंगठा माझ्याकडे सोपवायला या."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, सरळ सांगून टाका ना त्यांना, नाही जमत म्हणून."

"असं टाकून देता येत नाही. घेणारा लागतो."

"मग शोधा घेणारा!"

"सगळ्यांचं माझ्याकडेच आहे."

"छान. पाय जाऊ दे. मग येतील सगळे हॉस्पिटलात तुम्हाला केक भरवायला."

"निदान येतील तरी," तो म्हणाला.

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. मग तिने कपाटातला साखरेचा डबा काढून शेजारणीला देऊन टाकला आणि म्हणाली, "रजा टाका. मोठी."

रजेवर गेलेल्याचा कार्यभार खालून वर सरकतो. तपासनीस म्हणाला, माझंच मी परत कसं घेणार, ते नियमात बसत नाही. बाईही तेच म्हणाल्या. सरकत सरकत तो साहेबांच्या टेबलावर जाऊन पडला. त्यांच्या वर कुणी नव्हतं.

इकडे कारकुनाचे पहिले दिवस वाईट गेले. डोकं ठणके. तो खुर्चीशी भांडला. बायकोने फ्लॉवर कुस्करून 'बटाटा समजून खा' म्हणून पुढे ठेवला. त्याने समजायचा प्रयत्न केला, फ्लॉवरने साथ दिली नाही. हळूहळू मात्र जिभेला अक्कल आली. कच्चा कांदा गोड लागू लागला. गाजराची तर त्याला भीती वाटू लागली. अंगठा भरला, पट्टा दोन भोकं आत गेला. फक्त फोन वाजत नव्हता. 'मुंगळ्या, कधी येतोस' असं विचारायला कुणीतरी फोन करील, म्हणून तो फोन अंघोळीलाही घेऊन जाई.

तो कामावर परतला तेव्हा केक कापून झाला होता. मांडणीपुढच्या खुर्चीत साहेब होते आणि भोवती सगळा मजला. साहेब डोळे मिटून खात होते. बाईंचे डोळे पाणावले होते.

"साहेबांचं खाणं म्हणजे खाणं," तपासनीस त्याच्या कानाशी कुजबुजला. "राग मानू नकोस, पण तू आपला नोकरी म्हणून खायचास."

कारकून आपल्या टेबलाशी जाऊन बसला. त्याने डबा उघडला. अंडं होतं, काकडी होती. इतक्या लांबून त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. परत येताना त्याला भीती वाटली होती ती केकची. ही दुसरी भीती त्याने हिशेबात धरलीच नव्हती.

तेवढ्यात साहेब रुमालाने बोटं पुसत त्याच्यापाशी आले. मागे सगळे.

"काल डॉक्टर फार बोलले मला," साहेब म्हणाले. "पथ्य झालंच पाहिजे म्हणाले. आणि आता हे गोड काही माझ्याच्याने सुटायचं नाही."

"बरोबर, साहेब."

"तुमची जीभ तयार झालेली दिसते. माझं पथ्य तुमच्याकडे घ्या. तात्पुरतं."

"मग माझंही घ्या ना," बाई म्हणाल्या आणि कोबीचा डबा त्याच्यापुढे ठेवला. "गोडाचं माझं मी बघेन." तपासनिसाने अंडी आणली, कुणी चीजचा तुकडा, कुणी आणखी काकड्या. टेबलावर मीटरच्या पावत्या ठेवायला जागा उरली नाही. सगळे त्याच्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले.

"कर सुरुवात, मुंगळ्या," तपासनीस म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी अंड्यांना बंदी केलेली नव्हती. कारकुनाने खुर्ची पुढे ओढली, पहिलं अंडं सोललं आणि मिठाच्या पुडीकडे हात नेला.

"ते माझं ना?" साहेब घाईघाईने म्हणाले. "मीठ नको हं. मला बीपी आहे."