डावीकडेच वळणारी तीनचाकी

मी एक जुनी तीनचाकी आहे, असं म्हणते खरी. पण मित्रांनो, माझ्यातलं जुनं किती आणि नवं किती, हे माझं मलाच धड उमगलेलं नाही. माझं पुढचं चाक एका सायकलचं आहे. मागची दोन चाकं आणि मोटर मोडीत निघालेल्या बॅटरीच्या स्कूटर्सची. बैठक दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीची, आणि पाठीमागची टोपली बेकरीतली, तिला अजूनही पावाचा वास येतो. मग माझा जन्म झाला तो नेमका कधी? मी पुष्कळ विचार करून पाहिला, पण उत्तर सापडलं नाही.

माझं पुढचं चाक ज्या सायकलचं, ती बाईंची होती. बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. पाठीला कागदांची गुंडाळी बांधून त्या सायकलवरून गावभर फिरायच्या. पुढे एका आजारपणात त्यांचं डावं अंग लुळं पडलं. औषधं झाली, व्यायाम झाले, काठी घेऊन त्या चालू लागल्या; पण सायकलवर तोल काही राहीना. त्यांची थोरली बहीण त्यांच्याबरोबर राहायची. तिला सगळे ताई म्हणायचे. फाटकापर्यंत जायचं तरी ताई बाईंचं कोपर धरून चालायची. ज्या बाईंनी जन्मात कुणाची वाट पाहिली नव्हती, त्यांना आता ताईचा स्वयंपाक उरकेपर्यंत दारात बसून राहावं लागायचं.

बेकरीच्या मागे एक पत्र्याची शेड होती. तिथे रविवारी हौशी मंडळी जमायची. बेकरीवाल्या मावशींना वेल्डिंगचा नाद होता. दातांचे डॉक्टर मोटरी आणि वायरी घेऊन बसायचे. ड्रायव्हरकाकांनी सारी उमर बस चालवली होती. ते बोलता बोलता तोंडानेच गिअर बदलायचे. बाई एका रविवारी काठी टेकत तिथे गेल्या आणि म्हणाल्या, "मला एक गाडी करायची आहे. मोटर लावलेली, तीन चाकांची. मला एकटीला पुलापर्यंत जाऊन चित्रं काढायची आहेत."

"एकटीला?" मागून ताई म्हणाली.

"एकटीला," बाई म्हणाल्या.

झालं! मंडळींना काम मिळालं. पण एकाचं एकाशी जुळेल तर शपथ. डॉक्टर म्हणाले, दोन चाकं पुढे हवीत. काका म्हणाले, दोन चाकं मागेच हवीत. मावशींनी तोवर एक नळी जोडूनही टाकली होती, ती पुन्हा कापावी लागली. मला कधी पुढे दोन चाकं असायची, कधी मागे. त्या दिवसांत मी पुढे तोंड करून उभी आहे की मागे, हेही मला कळायचं नाही. बाई स्वतः मला पॉलिशपेपर घासायच्या, रंग द्यायच्या. मला पिवळा रंग त्यांनीच निवडला.

शेवटी मी उभी राहिले. दोन चाकं मागे, एक पुढे, सायकलसारखं हँडल, उजव्या मुठीत वेग. काकांनी मला आधी चालवलं. मी सुतासारखी सरळ गेले. डॉक्टर बसले, तरी सरळ. मावशी बसल्या, थोडी कुरकुरले, पण सरळच. मग बाई बसल्या, आणि मी डावीकडे वळत वळत थेट मावशींच्या कुंड्यांत शिरले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी काय केलं होतं? मला खरंच ठाऊक नव्हतं.

"चाक वाकडं आहे," डॉक्टर म्हणाले. चाक काढलं, ताणलं, बसवलं. डॉक्टरांनी चालवून पाहिलं, सरळ! बाई बसल्या, पुन्हा डावीकडे. "तुमचा सांधाच तिरका," असं काका मावशींना म्हणाले. मावशींनी सांधा तोडून नव्याने जोडला. काका बसले, सरळ. बाई बसल्या, डावीकडे. मला वाटू लागलं, माझ्यात दोन तीनचाक्या आहेत, एक शहाणी आणि एक वेडी, आणि बाईंच्या वाट्याला नेहमी वेडीच येते. मी सरळ जायचा जिवापाड प्रयत्न करायचे, मित्रांनो. पण चाकाने मनात आणून काय होतं? हँडल नेईल तिकडे ते जातं.

एकदा बाई बेकरीच्या उतारावर मला घेऊन निघाल्या. मी डावीकडे झुकले, रस्त्याच्या कडेला गेले आणि भिंतीवर आदळले. बाईंच्या कपाळाला खोक पडली. ताई धावत आली. तिने पदराने रक्त दाबून धरलं आणि मंडळींना म्हणाली, "पुरे झाले तुमचे खेळ. तुमची हौस होते, आणि फुटतं ते हिचं डोकं."

मला शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पुढचे कितीतरी रविवार शेड उघडलीच नाही. बाई चित्रंही काढेनाशा झाल्या, असं मावशी एकदा कुणाला तरी सांगत होत्या. माझा गुन्हा काय, हे मला कुणी सांगेना, आणि मला माफही कुणी करेना.

मग एके दिवशी सकाळी सगळे आले. मला सुटं करून ज्याचे भाग त्याला द्यायचे, असं ठरलं होतं. मावशींनी पाना हातात घेतला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "एकदाच बसू द्या. इथेच, अंगणात."

"मुळीच नाही," ताई म्हणाली.

"मग तू शेजारून चाल. मला धर. पण बसू दे."

ताई पुटपुटली, पण आली. बाई बसल्या, मी हळूहळू निघाले. एवढे दिवस सगळे माझ्या चाकांकडे बघायचे. ताईला चाकातलं काही कळत नव्हतं. ती बाईंकडेच बघत चालली होती, जशी ती घरात दिवसभर बघायची. मी डावीकडे वळू लागले, आणि ताई एकदम ओरडली, "थांब! अगं, तू हा हात का ओढतेस?"

"कुठला हात?"

"डावा. तुझा डावा."

"ओढत कुठे आहे? मी तर नुसता ठेवलाय."

"ठेवलेला नाही गं. हँडलला लोंबतोय, सगळा भार त्यावर."

ताईने तो हात अलगद उचलला आणि आपल्या हातात धरला. "आता चल." मी चालले. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी सरळ गेले! काकांनी कपाळावर हात मारला. मावशींनी पाना खाली ठेवला. मला वाटलं, आता आनंदीआनंद होणार. पण बाई रडत होत्या. मी पुन्हा गोंधळले. सरळ गेले तरी रडू?

"मला वाटलं होतं, हात बरा झाला," बाई म्हणाल्या.

"नाही झाला," ताई म्हणाली. तिने तो हात सोडला नव्हता. "नाही तर नाही. म्हणून पुलावर जायचं नाही, असं कुणी म्हटलंय?"

सगळे वळून ताईकडे बघायला लागले. "बघता काय?" ती म्हणाली. "हिचा एकच हात चालतो. एका हाताची गाडी करा."

या वेळी भांडणं झाली नाहीत. माझं हँडल काढलं आणि उजव्या बाजूला एक उभा दांडा बसवला. वळायचं त्यानेच, वेग त्यालाच, ब्रेकही त्यालाच. डाव्या बाजूला हात ठेवायला मऊ पट्टी केली. दर खेपेस आधी बाईंना बसवायचे, मग मोजमाप घ्यायचे. ताई बाजूला उभी राहून सांगायची, "अजून खाली. तिचा खांदा दुखतो."

आणि बाई एकट्या पुलावर गेल्या. पहिल्या दिवशी ताई फाटकात उभी राहिली ती त्या परत येईपर्यंत. बाईंनी त्या दिवशी पूल नाही, वाटेत बसलेली कुत्री काढली. का, ते मला विचारू नका.

पुढची वर्षं सुखाची गेली. पोरं "पिवळी आली, पिवळी आली" म्हणत मागे धावायची. हौशी मंडळींच्या प्रदर्शनात मला नेलं. तिथे एक परीक्षक मोठ्या थाटात माझ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी दांडा धरून सरळ मांडवाच्या कनातीत घुसले. "हे यंत्र सदोष आहे!" ते म्हणाले. बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी चांगली की वाईट? एकाच दिवशी मला दोन्ही ऐकायला मिळालं.

मग बाईंना पुन्हा आजार आला. उजव्या हातातली ताकदही कमी झाली. मी घराच्या मागच्या पडवीत गेले. आधी मला रोज पुसायचे, मग कधीमधी, मग कुणीच पुसेना. टायर बसले. टोपलीत कांदे आले, दांड्यावर ओले टॉवेल आले. मी गाडी आहे की मांडणी, हेही मला सांगता येईना.

एक दिवस भंगारवाला आला. ताईनेच त्याला बोलावलं होतं. त्याने मला उचलून बाहेर काढलं, आणि ताई म्हणाली, "राहू द्या."

"पण ताई, तुम्हीच तर..."

"राहू द्या म्हटलं ना."

तो गेला. ताईने कांदे काढले, टॉवेल काढले, इकडेतिकडे पाहिलं, आणि पदर खोचून माझ्यावर बसली! ताईला साधी सायकलही येत नव्हती. खिडकीतून बाईंचा आवाज आला, "अगं, दांडा काय लाटण्यासारखा धरलायस? सैल धर!"

"तू गप्प बस," ताई म्हणाली. पण तिने दांडा सैल धरला.

दुसऱ्याच रविवारी मावशी, डॉक्टर आणि काका आले. केस सगळ्यांचेच पिकले होते. त्यांनी आधी दोघींना बसवलं, नीट पाहिलं, आणि मग मला मागे दुसरी बैठक जोडली. नवी बॅटरी दिली, टायर बदलले. म्हणजे मी पुन्हा थोडी नवी झाले.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी गाडी, खुर्ची, शिवणयंत्र असेल. त्याला पुसा, तेल द्या, पावसात सोडू नका. पण ते बिघडलंय असं म्हणण्याआधी ते वापरणाऱ्या माणसाकडेही एकदा बघा. त्याचा हात कुठे पडतो, काय दुखतं, ते विचारा. माझ्यातला दोष शोधण्यात फार दिवस गेले, आणि बाईंचा हात तेवढे दिवस कुणाच्या ध्यानात आला नाही.

हल्ली ताई चालवते आणि बाई मागे चित्रांची वही मांडीवर घेऊन बसतात. चौकात आलं की बाई म्हणतात, "पुलाकडे घे." ताई म्हणते, "आभाळ भरलंय, घरी जायचं." मग दोघींची जुंपते. मागून गाड्या भोंगे वाजवतात. कुणाचं ऐकायचं, मला काही कळत नाही. दोघींचं ठरेपर्यंत मी चौकातच उभी राहते. मला घाई नाही.