उन्हात ठेवलेला कोळसा

माझ्या पोरीचं, कामिनीचं लग्न झालं ते वर्ष २०१९. त्याच उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ रोशन नागपूरजवळ बेसाच्या पुढे एका फर्निचरच्या कारखान्यात स्प्रेच्या कामाला लागला. नवीन फ्लॅटमधली कपाटं तो रंगवायचा. रंगात थिनर असायचं. घरी आला की त्याच्या केसांनाही थिनरचा वास यायचा.

मालकानं मास्क दिला होता. दोन्ही गालांशी एकेक गोल डबी, आणि डबीत नारळाच्या करवंटीचा कोळसा. हा कोळसा हवेतलं विष धरून ठेवतो, एवढं रोशनला सांगितलं होतं. डब्या किती दिवस चालतात, हे नव्हतं सांगितलं. पंधरा दिवसांतच मास्क घालूनही वास येऊ लागला.

"मालक म्हणते, दिवाळीले नवीन देऊ," रोशन म्हणाला.

मी जन्मभर शेती केली. गव्हाला, तुरीला कीड लागली की नागपूरच्या उन्हात टाकायचं, हे मला ठाऊक. मी डब्या घराच्या टिनाच्या छपरावर नेऊन ठेवल्या.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"ऊन दाखवतो गा. धान्यातले सोंडे पळतात, वास कसा नाही पळणार?"

"मंग पापडबी टाका बाजूले," तो हसला.

"टाकीन," त्याची आई पंचफुला आतून म्हणाली, "पण थिनरचा वास लागला तं तूच खाजो."

दुसऱ्या दिवशी कामावरून आला तो खुशीतच. "अर्धा दिवस वास नाही आला, बाबा." मग दर रविवारी हेच. चार वर्षं.

२०२३च्या थंडीत त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, अंगावर निळे डाग उठले. धंतोलीतल्या डॉक्टरबाईंनी हाडातला मगज तपासला. रक्त तयार होणंच थांबत आलं होतं. त्यांनी कामाचं विचारलं. मी डब्यांचं सांगितलं, थोडं अभिमानानंच.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बाबा, हा कोळसा पोत्यासारखा असतो. भरला की भरला. उन्हानं वरचा वास उडतो, आतलं तसंच राहतं. डब्या बदलायच्या असतात."

"त्याच्यानंच झालं का हे?"

"तसं ठाम नाही सांगता येत."

त्यांनी हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या कुणाचा मगज चढवायचा होता, पण कामिनीचा जुळला नाही. आम्हा दोघांचाही नाही. नुसतं रक्त चढवत राहिलो.

मध्ये एकदा मी कारखान्यात गेलो, बाकीच्यांना सांगायला. मागच्या भिंतीवर ओळीनं बारा डब्या उन्हात मांडलेल्या. रोशननंच त्यांना शिकवलं होतं. कवडू नावाचा रंगारी बाहेर आला. मी त्याला सगळं सांगितलं.

"मंग काय करू, काका? मालक तं दिवाळीलेच देते."

"उन्हात नको ठेवू."

"नाही ठेवलं तं वास येते ना."

मी डब्या भिंतीवरून उतरवून खाली ठेवल्या. त्यानं अडवलं नाही. फाटकाशी पोचून मागे पाहिलं, तर तो त्या परत मांडत होता.

रोशन १४ ऑगस्ट २०२४ला, बुधवारी सकाळी, धंतोलीतल्या दवाखान्यात वारला. तो एकतीस वर्षांचा होता.