कापलेले सात सेकंद

लहूचा करार आणखी एका वर्षाने वाढवायचा की नाही, हे गुरुवारी संध्याकाळी सात वाजता ठरणार होतं. ठरवणाऱ्या तिघांतला एक चंद्रशेखर. सोमवारपासून त्याच्या घशाखाली घास उतरेना. भाकरी ताटात आणि डोळे भिंतीवर.

"अहो, मत लहूलाच द्यायचंय ना?" त्याची बायको समता म्हणाली. "मग द्या आणि मोकळे व्हा. मला होकार देताना तरी एवढा विचार केला होतात का?"

चंद्रशेखर हसला, पण ते हसू ओठांच्या आत पोचलं नाही. मोकळं व्हायचं कुठून? बाहेर पडायची वाट त्याने स्वतःच्या हाताने लिंपून टाकली होती, आणि तेही ओल्या मातीने नव्हे, सिमेंटने.

आता हा करार कसला, ते सांगितलं पाहिजे. परदेशातल्या युट्रेख्ट शहराच्या कडेला, कालव्यापलीकडच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा एक छोटा क्लब आहे. हा आपला लाथेने चेंडू मारायचा फुटबॉल नव्हे. यात चेंडू हाताने फेकतात आणि फेकणाऱ्याला लोळवायला समोरून गडी तुटून पडतात. फेकणाऱ्याला म्हणतात क्वार्टरबॅक. तो उजव्या हाताचा असला, की फेकायच्या वेळी त्याची पाठ डावीकडे होते, आणि डावीकडून कोण येतंय ते त्या बापड्याला दिसत नाही. त्या आंधळ्या बाजूला भिंतीसारखा उभा राहणारा गडी म्हणजे लेफ्ट टॅकल. त्याने काम चोख केलं तर कुणाचं लक्षही जात नाही. एकदा चुकला, की सगळं मैदान त्याच्याकडे वळून बघतं.

लहू सांगलीकडचा. सहा फूट दोन इंच, मान आणि डोकं एकाच रुंदीचं. लहानपणापासून तालमीतली माती खाल्लेला पोरगा, मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात माणसाच्या हालचालींचं शास्त्र शिकायला आला. शिक्षण झालं, नोकरी शोधायला मिळालेलं वर्षही सरत आलं, हाताला काही लागेना. तेव्हा चंद्रशेखरने त्याला क्लबात आणलं. चंद्रशेखर युट्रेख्टमध्ये एका कंपनीच्या आयटी विभागात होता, कंपनीची माहिती चोख आहे की नाही ते तपासणं हे त्याचं काम, आणि हौसेखातर तो क्लबच्या सामन्यांचं चित्रण करी, प्रत्येक गड्याच्या चुकांचा तक्ता ठेवी, म्हणून करार ठरवताना त्यालाही मत होतं. "पहिलवान आणलाय," त्याने सांगितलं. कोच योस्टने लहूला एक धडक द्यायला सांगितली, आणि धडक घेणारा गडी उठून बसेपर्यंत कराराचा कागद तयार होता. एक वर्ष. मोठ्यांत लेफ्ट टॅकल म्हणून खेळायचं आणि आठवड्यातून चार दिवस मुलांना शिकवायचं. लहूचा या देशात राहायचा परवाना त्या एका कागदावर उभा. कागद जूनच्या तीस तारखेला संपत होता.

खेळलाही झकास. पण तालमीची एक सवय त्याच्या हाडात होती. कुस्तीत समोरच्याची पाठ जमिनीला लागली, की कुस्ती संपली. मग हात सोडायचा, पडलेल्याला हात देऊन उठवायचं, पाठीवर थाप मारायची. वस्तादाने हे वयाच्या सातव्या वर्षी शिकवलेलं.

मे महिन्यात आर्नहेमच्या संघाविरुद्ध सामना होता. शेवटचेच काही सेकंद उरलेले. लहूने समोरचा गडी असा उचलून आपटला, की कट्ट्यावरच्या गोऱ्या आजीबाईही ओरडल्या. गडी उताणा. चेंडू घेऊन पळणारा रूबेन नावाचा गडी मागे उभा होता. लहूच्या बाजूने कुणी निसटलं तर ते अडवणं त्याचं काम. त्याने पाहिलं, डावीकडचा गडी चितपट झालाय. म्हणून तो शहाण्यासारखा उजवीकडच्या मदतीला धावला. सगळ्या मैदानाची नजर चेंडूकडे गेली. आणि इकडे लहूने वाकून, हात देऊन, पडलेल्या गड्याला उठवलं, पाठीवर थाप मारली आणि तोंड फिरवलं.

उठलेला गडी थेट क्वार्टरबॅकच्या पाठीवर गेला. त्यावर आणखी दोघे पडले. ढीग उपसला तेव्हा क्वार्टरबॅकचं गळ्याखालचं आडवं हाड मोडलं होतं, सामना गेला होता, आणि पहिला कोण आदळला ते कुणालाच सांगता येईना. लहूलाही नाही. सगळ्यांनी लहूचा गडी उताणा पडलेला पाहिला होता, तेव्हा दुसराच कुणी डावीकडून शिरला असणार आणि तो रूबेनने सोडला असणार, असं ठरलं.

सगळं खरं होतं फक्त चंद्रशेखरच्या टॅबलेटमध्ये. दुसऱ्या दिवशी क्लबला चित्रण पाठवताना त्याने शेवटचे सात सेकंद कापले. योस्टने विचारलं, तेव्हा म्हणाला, "नेमकी बॅटरी गेली." तीनच शब्द. रूबेनला पुढच्या चारही सामन्यांत बाकावर बसवलं.

रविवारी वस्तीच्या सभागृहात वंदना होती. महिन्यातून एकदा आठ-दहा कुटुंबं जमतात, आर्नहेमहूनही येतात. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलापाशी, "मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि" म्हणताना चंद्रशेखरचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. शेजारी लहू छाती भरून म्हणत होता.

मग समता कथेला उभी राहिली. तिचे वडील नांदेडकडे गावोगाव पेटीवर तथागतांच्या कथा गाऊन सांगायचे. तो गळा तिच्यात उतरलेला. साथीला पेटीऐवजी मोबाईलमधला तबला, पण ती गायला लागली की तबला कुठला याची शुद्ध कुणाला! त्या दिवशी तिने राहुलची कथा घेतली. तथागतांचा मुलगा राहुल लहान होता, गमतीत खोटं बोलायचा. तथागत आले, पाय धुतले, भांड्यात चूळभर पाणी उरवलं. म्हणाले, राहुल, हे पाणी किती आहे? थोडंसं, भगवान. जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही, त्याचं श्रमणपणही, भिक्षूपणही, एवढंसंच. पाणी ओतून दिलं. त्याचं श्रमणपण असंच ओतून दिल्यासारखं. भांडं पालथं घातलं. आणि असंच पालथं. या "पालथं"वर समताने असा सूर धरला की म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे भरून आले. चंद्रशेखर जागच्या जागी आक्रसला. बायको गातेय, तिला काही ठाऊक नाही, आणि प्रत्येक शब्द आपलं घर शोधत येतोय.

"साधु, साधु, साधु!" लहूचा आवाज सगळ्यांत मोठा. बाहेर सायकलींपाशी तो म्हणाला, "वहिनी, पायाला मुंग्या आल्या, पर उठू वाटंना बघा."

"मग बस की अजून. तुझं वजन पेलणारी सतरंजी तेवढी आण."

लहू खदखदून हसला. मग चंद्रशेखरकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "दादा, गुरुवारचं काय वाटतंय?"

"बघू."

"बघू काय दादा? तुमी हाय तितं, म्हंजे मला घोर न्हाई."

चंद्रशेखरला वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलंही. तेवढ्यात लहूने त्याच्या सायकलचं कुलूप काढून हँडल त्याच्या हातात दिलं, आणि बोलायचं राहून गेलं.

मंगळवारी सुपरमार्केटात बटाट्यांपाशी रूबेन भेटला. एकोणतीस वर्षांचा, शाळेत गणित शिकवणारा सरळ माणूस. "चंद्र," तो म्हणाला, इथे सगळे त्याला अर्धंच नाव लावत, "मी पाच आठवडे तोच प्रसंग डोक्यात चालवतोय. डावीकडे मला कुणीच दिसलं नव्हतं. खरंच बॅटरी गेली होती?"

"खरंच."

"ठीक आहे. मग मीच चुकलो असेन." आणि त्याने बटाटे निवडून निवडून पिशवीत भरले, जसं काही त्यातही चूक होईल.

त्या दिवशी चंद्रशेखर काही न घेता घरी आला, आणि रूबेनचं सगळं सांगून त्याने समतासमोर टॅबलेट ठेवला. तिने सात सेकंद पाहिले. परत पाहिले.

"लहूचं कसं होणार?" ती म्हणाली.

"जाईल तो."

"आणि या रूबेनचं?"

चंद्रशेखरने टॅबलेट पालथा घातला.

"मग मला कशाला दाखवलंत? मी 'लपवा' म्हणावं म्हणून, की 'दाखवा' म्हणावं म्हणून? रविवारी माझ्यासमोर बसून कथा ऐकलीत तुम्ही." तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "लहू माझ्या हातचं खातो हो. मला नका ठरवायला लावू."

गुरुवार उजाडला. संध्याकाळी सातला ऊन अजून टळटळीत होतं. क्लबच्या छोट्या खोलीत तिघे बसले. अध्यक्ष मार्लूस, कोच योस्ट आणि चंद्रशेखर. खिडकीतून मैदान दिसत होतं. लहू मुलांना ओळीत उभं करून धडक कशी घ्यायची ते शिकवत होता.

"माझा होकार," मार्लूस म्हणाली. "मुलांचे आईबाप त्याच्यावर खूश आहेत."

"चंद्रचा तक्ता बघून मी ठरवतो," योस्ट म्हणाला. "तक्त्यात तर एकही मोठी चूक नाही. विलक्षण आहे."

बस. एवढं ऐकून "माझाही होकार" म्हटलं असतं तर संपलं होतं. शब्द जिभेच्या टोकावर होते. चंद्रशेखरने टॅबलेट टेबलावर ठेवला.

"तक्ता खोटा आहे," तो म्हणाला. "बॅटरी गेली नव्हती."

योस्टने सात सेकंद पाहिले. परत लावले. तिसऱ्या वेळी लहू हात देऊन गड्याला उठवतो तिथे त्याने चित्र थांबवलं.

"हे काय करतोय तो?"

"कुस्तीत असं करतात. पाठ टेकली की डाव संपतो."

"अरे, मग हे एवढंच होतं?" योस्टने कपाळावर हात मारला. "मे महिन्यात दाखवलं असतंस तर मी त्याला शंभर वेळा सराव करायला लावला असता. शिट्टीपर्यंत हात सोडायचा नाही. तीन आठवड्यांत सवय सुटली असती. त्याऐवजी तो त्यानंतर चार सामने तसाच खेळला. नशीब म्हणून आणखी कुणाचं हाड मोडलं नाही. आता सीझन संपला. तो सुधारेल की नाही, हे मी कशावरून सांगू?"

"सुधारेल. मी सांगतो."

"तू सांगतोस?" योस्ट ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "रूबेनला मी काय सांगू, ते सांग आधी."

मार्लूस खिडकीबाहेर बघत होती. "माझं मत बदलत नाही," ती म्हणाली. "चूक आहे, पण माणूस चांगला आहे."

"माझा नकार," योस्ट म्हणाला. "पुढच्या पोराची पाठ मी अंदाजावर सोडू शकत नाही."

"माझा..." चंद्रशेखरने सुरुवात केली.

"नाही, चंद्र." मार्लूसने हात वर केला. "ज्याने पुरावा कापला, त्याचं मत मी धरू शकत नाही. तूही माझ्या जागी धरलं नसतंस." तिचे डोळे ओले होते, पण हात वरच होता. "एकास एक. बरोबरी झाली तर करार वाढत नाही. नियम आपणच केलाय."

पाच आठवडे चंद्रशेखरने जे मत लहूसाठी जपून ठेवलं होतं, तेच त्याच्या हातून गेलं होतं. आणि हे कुणी केलं, म्हणून बोट दाखवायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं. योस्ट फोन घेऊन बाहेर गेला. "रूबेन, वेळ आहे का?" एवढं ऐकू आलं.

मैदानावर जायला पन्नास पावलं. मुलं पाणी प्यायला पळाली होती. लहूने दुरूनच विचारलं, "काय दादा?"

चंद्रशेखरने सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, काही गोड केलं नाही. लहू ऐकत होता. आर्नहेमचा सामना आला तेव्हा त्याने आपल्या उजव्या पंजाकडे पाहिलं.

"म्हंजे त्या पोराचं हाड माज्यामुळं मोडलं?"

"हो."

"आन् रूबेन माज्या जागी बाकावर बसला?"

"हो."

"आन् तुमचं मत धरलं न्हाई, म्हनून मी चाललो?"

"हो, लहू."

"मला का न्हाई सांगितलं दादा? मला तरी?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी काय मोडलो असतो? मी सोता जाऊन सांगितलं असतं योस्टला!"

चंद्रशेखरला हे कधी सुचलंच नव्हतं. खरोखरच सुचलं नव्हतं. लहूला वाचवायचं म्हणून त्याने सगळ्यांचा विचार केला, लहूला मात्र विचारलं नाही.

मुलं परत आली. लहूने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि चंद्रशेखरच्या हातात दिला.

"तिकडं रात झालीया, पर आई जागी हाय माजी. सांजच्यापासनं फोन घेऊन बसलीया. मला न्हाई जमायचं सांगायला. तुमी सांगा, आन् समदं सांगा."

एवढं बोलून तो मुलांकडे वळला आणि त्याने ओळ लावायला घेतली. फोनमध्ये दोनदा घंटा वाजली. मग बाईचा आवाज आला, कापरा, आनंदाच्या तयारीत असलेला.

"जय भीम, लेकरा. झालं का रं तुजं?"

"जय भीम, आई. मी चंद्रशेखर," तो म्हणाला. "नाही झालं. आणि झालं नाही, ते माझ्यामुळे. बसून घ्या, सांगतो."