छप्पर कुणी शाकारलं?

पुठ्ठा तोंडासमोर धरून तिनं पहिलं वाक्य म्हटलं आणि ते संपायच्या आत म्हाताऱ्यानं दुसरंही म्हणून टाकलं.

"सूर्य पूर्वेला उगवतो! गाय दूध देते!" एवढ्यावर न थांबता त्यानं तिसऱ्यालाही हात घातला. "माळ्यानं बागेला पाणी घातलं!"

"आजोबा, मी अजून गाईपर्यंत आले नव्हते."

"मग ये की सावकाश. मी पुढे थांबतो."

कर्णयंत्रांच्या त्या दुकानात परीक्षेची रीत ठरलेली होती. यंत्र कानात बसवायचं, ओठ दिसू नयेत म्हणून पुठ्ठा आड धरायचा, त्यावर चिकटवलेली वाक्यं एकेक करून वाचायची आणि गिऱ्हाइकानं ती जशीच्या तशी परत म्हणायची. म्हातारा पूर्वी पत्रे बसवायचा. गावातल्या निम्म्या कारखान्यांच्या डोक्यावर त्याच्या हातचं छप्पर होतं, आणि त्या ठोकाठोकीनं त्याचे कान खाऊन टाकले होते. डोकं मात्र शाबूत. दोन खेपांत त्यानं अख्खा पुठ्ठा पाठ केला होता. आता त्याचे कान ऐकताहेत की आठवण बोलतेय, हे भल्याभल्यांना सांगता आलं नसतं.

म्हणजे नवी वाक्यं हवी होती. तिनं खोलीभर नजर फिरवली. बॅटऱ्यांचे खोके, हात धुवायचं बेसिन, भिंतीवर कानाचं आतलं चित्र. वाक्य हवं असतं तेव्हा एकही सुचत नाही. मग रविवारी चर्चमध्ये ऐकलेलं आपोआप बाहेर आलं.

"एका घरात फार गर्दी झाली होती."

"एका घरात फार गर्दी झाली होती!" म्हातारा गरजला. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. जन्मभर छपरावरून खाली ओरडत आलेल्या बहिऱ्याला तर मुळीच नाही. काचेपलीकडे बाकावर बसलेली माणसं दचकली.

"चौघांनी लुळ्या मित्राला खाटेवर घालून आणलं."

"चौघांनी लुळ्या मित्राला खाटेवर घालून आणलं!"

"दारातून शिरायला जागा नव्हती. म्हणून ते घरावर चढले आणि त्यांनी छप्पर उकरलं."

म्हातारा गप्प.

यंत्र बंद पडलं असं वाटून ती पुढे झाली.

"ऐकू नाही आलं?"

"आलं. छप्पर कसलं होतं?"

"मातीचं असावं."

"म्हणजे खाली वासे, वर काटक्या, त्यावर चिखल लिंपलेला. खाली बसलेल्यांच्या टाळक्यात ढेकळं पडली असणार." त्यानं वर पाहिलं, जणू याच खोलीत माती गळत होती. "मग?"

"मग खाट दोरांनी खाली सोडली. आतला माणूस बरं करतो, असं त्यांनी ऐकलं होतं."

"ते झालं गं. शाकारलं कुणी?"

"काय?"

"छप्पर! एवढं भगदाड पाडून चौघं गेले का तसेच निघून?"

ही गोष्ट ती फ्रॉक घालायची तेव्हापासून ऐकत आली होती. लहानपणी तिनं ती रंगवलीही होती, खाट तांबडी, दोर पिवळे. हा प्रश्न तिला कधी शिवलाही नव्हता.

"माहीत नाही, आजोबा."

"मग विचार कुणाला तरी. मी परवा येतो."

"परवा कशाला? यंत्र छान चाललंय."

"डावीकडून गुणगुणतंय," म्हाताऱ्यानं बिनदिक्कत सांगितलं आणि काठी उचलली.

आता इथं थोडं मागं जायला हवं. महिन्याच्या सुरुवातीला पाळकांनी मंडळीला विचारलं होतं, की या महिन्यात एका तरी माणसाला सुवार्ता सांगेन असं कोण म्हणतं? तिच्या जाऊबाईंनी दोन्ही हात वर केले. जाऊबाई रांगेत उभ्या राहिल्या, की पुढचा माणूसही पत्रक घेऊन घरी जायचा आणि मागचाही. त्यांच्याच कोपराचा धक्का लागून आपला हात वर गेला, असं ती स्वतःची समजूत घालायची. पण हात गेला होता आणि पाळकांनी तो पाहिला होता. कुणाला सांगितलं, ते येत्या रविवारी उभं राहून कळवायचं होतं. आणि ही पडली तोंडात मिठाची गुळणी धरणारी. लोकांना ऐकू यावं म्हणून दिवसभर राबायची. तिचा स्वतःचा आवाज स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नव्हता. देवाबद्दल तिला शंका नव्हती. भीती एवढीच होती, की सांगायला जावं आणि समोरच्यानं उलट काही विचारलं तर?

त्यात मालकांचा दंडक. दुकानात दोन गोष्टी आणायच्या नाहीत, ओली छत्री आणि धर्म. दोन्हींनी फरशी निसरडी होते.

तिनं पाळकांना विचारलं. ते हसले. "बाई, मुद्दा छपराचा नाहीये." जाऊबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "असला खुसपटं काढणारा सोडून द्यावा आणि पुढचा धरावा. एवढ्या वेळात मी तिघांना सांगितलं असतं."

संध्याकाळी कुकर लावून तिनं पवित्र शास्त्रातलं त्या गोष्टीचं पान उघडलं. पहिल्या ओळीला सुरुवात केली तोच मनानं पुढच्या चार ओळी म्हणून टाकल्या. ती थांबली. मग बोट ठेवून, शाळेत नुकतंच नाव घातलेल्या मुलासारखं, एकेक शब्द वाचू लागली. छप्पर शाकारल्याचं कुठंच नव्हतं. पण कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हेही तिला कळलं नाही. भाताचा गिचका झाला आणि नवऱ्यानं तो मुकाट्यानं खाल्ला.

"नाही लिहिलेलं," म्हातारा आल्याबरोबर तिनं सांगून टाकलं. मोठा अपराध कबूल करावा तशी ती उभी होती.

"हं." त्याला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "पण मग तो आतला काय म्हणाला? माझ्या डोक्यावर कुणी ढेकूळ टाकलं असतं ना, तर मी आधी आईबहीण काढली असती."

तिनं सवयीनं पुठ्ठा तोंडासमोर धरला. "तो म्हणाला, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे."

"मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे!"

बाहेर बॅटरी घ्यायला आलेले एक जाडजूड गृहस्थ बाकावर एकदम ताठ बसले.

"म्हणजे हा बिचारा पायांसाठी आला, आणि तो पापांचं बोलतो?"

"हो."

"अजब आहे." म्हाताऱ्यानं हनुवटी खाजवली. "अजब आहे, पण सांग."

सांगायला तिनं तोंड उघडलं आणि दार उघडून मालक आत आले. म्हातारा गेल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं,

"बाई, पापांची क्षमा आपण कधीपासून देऊ लागलो? ते बॅटरीवाले गृहस्थ मला विचारून गेले, की वेगळे पैसे पडतात का."

ती बॅटऱ्यांचे खोके सरळ करू लागली.

"पुढच्या वेळी मी स्वतः बसणार. पुठ्ठ्यावर आहे तेवढंच वाचायचं. नाहीतर तुमची वाट वेगळी आणि माझं दुकान वेगळं."

म्हातारा शनिवारी आला. आता उजवीकडूनही गुणगुणत होतं. मालक कोपऱ्यात स्टुलावर, हाताची घडी घालून. तिनं पुठ्ठा उचलला. सकाळी घरून निघताना तिनं हिशेब केला होता, की नोकरी राखावी. रविवारी पाळकांना सांगता येईल, प्रयत्न केला पण जमलं नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"सूर्य पूर्वेला उगवतो," तिनं वाचलं.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. मग स्टुलाकडे पाहिलं. "उगवतो," तो कंटाळून म्हणाला.

"गाय दूध देते."

"देते. पोरी, तो उठला का?"

"आजोबा, ते यात नाहीये."

"यात नाही ते मलाही ठाऊक आहे. मला सगळा पुठ्ठा पाठ आहे. तुझ्याजवळ आहे ते विचारतोय. उठला?"

मालक खाकरले. तिनं पुठ्ठा टेबलावर ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं, की आता आड काहीच उरलं नाही.

"उठला," ती म्हणाली. "खाट उचलली आणि सगळ्यांच्या देखत चालत गेला."

"तू पाहिलंस?"

"मी कशी पाहीन?"

"मग कशावरून?"

आली. इतकी वर्षं जिची धास्ती घेतली होती, ती वेळ आली. उत्तरासाठी तिनं मनात पाळकांचं बोलणं चाचपलं, जाऊबाईंची पत्रकं चाचपली. काही हाती लागलं नाही. जे होतं ते अगदी थोडं होतं.

"कशावरून ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "छपराचंही नाही आलं सांगता. पण मला ते खरं वाटतं. दिवसभर तुमच्यासारख्यांच्या कानाशी उभी असते ना, तेव्हा त्या घरात उभी असल्यासारखं वाटतं."

म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. परत म्हणायची रीत तो या वेळी विसरला होता.

मालक उठले. ते दाराकडे निघाले तशी तिनं खुंटीवरच्या आपल्या पिशवीकडे पाहिलं. मालकांनी दार लावून घेतलं, परत येऊन स्टूल जवळ ओढलं आणि म्हाताऱ्याला कळू नये अशा बेतानं, अगदी खालच्या पट्टीत, तिच्या कानाशी पुटपुटले,

"ते घर कोणाचं होतं, हे तरी लिहिलंय का हो?"

"मोठ्यानं विचारा की मालक," म्हातारा म्हणाला. "लाजता कशाला?"